लार्कमीडची कुरकुर

"अगदी मनापासून सांगा, मिसेस ट्रेडगोल्ड," इमोजेन म्हणाली आणि तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर, बिस्किटांच्या बशीला खेटून, आवाज टिपायचं छोटं यंत्र ठेवलं. "पहिल्यांदा या घरात पाऊल टाकलंत तेव्हा काय वाटलं?"

मेव्हिस ट्रेडगोल्डबाईंनी चहाचा घोट घेतला, खिडकीबाहेर नजर टाकली आणि लांब उसासा सोडला.

"काय वाटायचंय? भयंकर होतं सगळं."

इमोजेनने यंत्र त्यांच्या आणखी जवळ सरकवलं. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

इमोजेनला नगरपालिकेच्या वाचनालयाने पाठवलं होतं. कॉप्लिंग नवनगराला साठ वर्षं पूर्ण होत होती. गाव साठीचं झालं तरी पाटीवर अजून 'नवनगर'च आहे, कारण पाटी बदलायची तर खर्च कोणी करायचा यावर गेली वीस वर्षं वाद चालू आहे. साठीनिमित्त पहिल्या रहिवाशांच्या आठवणी जमवायच्या असं ठरलं. 'ती माणसं मरायच्या आत' असं ठरावात कोणी म्हटलं नव्हतं, 'वेळेत' असं म्हटलं होतं. आमच्या लार्कमीड गल्लीत पहिल्या हिवाळ्यात आलेल्यांपैकी जेमतेम मूठभर माणसं उरली होती, त्यामुळे वाचनालयाला तशी घाईच होती.

आता इमोजेन ही भली पोर. पण ती दूर पश्चिमेच्या समुद्राकाठची. तिच्याकडे म्हणे चांगल्याला चांगलं म्हणतात. लार्कमीडची माणसं आली ती लंडनच्या पूर्वेकडच्या, बॉम्बने अर्ध्या पडलेल्या गल्ल्यांतून, आणि त्या गल्ल्यांची रीत निराळी होती. रात्री बॉम्ब पडून शेजारणीचं छप्पर उडालेलं असायचं आणि तुमचं शाबूत. अशा वेळी 'आमचं घर कसं छान आहे' म्हणणं हा शुद्ध निर्लज्जपणा. म्हणून म्हणायचं, 'आमचंही गळतंच की गं.' पुढे युद्ध संपलं, सगळ्यांना छपरं मिळाली, पण जिभेला लागलेलं वळण काही सुटलं नाही. मूल गोंडस असलं तर ते 'रडतं फार', नवरा देवमाणूस असला तर तो 'घोरतो', आणि एखादी गोष्ट अगदी स्वर्गातली असली तर फार फार तर म्हणायचं, 'वाईट नाही.' याच्यावरचा शब्द आमच्याकडे नाही. लेन ट्रेडगोल्डने उभ्या संसारात बायकोच्या रूपाबद्दल एकदाच तोंड उघडलं, तेव्हा तो हेच म्हणाला होता. मेव्हिसबाई त्या दिवशी न्हाणीघरात जाऊन आनंदाने रडल्या होत्या.

तर अशा बाईला घराबद्दल विचारलं. आणि ते घर त्यांना जिवापेक्षा प्यारं होतं.

"चिखल!" मेव्हिसबाई म्हणाल्या. "पोरी, तुम्हा लोकांना चिखल म्हणजे काय ते ठाऊक नाही. नवनगर बांधणाऱ्या महामंडळातल्या त्या शहाण्यांनी घरं आधी बांधली आणि रस्ते नंतर. बाबागाडी दाराबाहेर काढली की रुतलीच. बस पकडायची तर गमबूट घालून जायचं, थांब्यापाशी कुंपणात ते गमबूट लपवायचे, पिशवीतले चांगले बूट चढवायचे आणि मग बसमध्ये राणीसारखं बसायचं. एकदा परत आले तर माझा डावा गमबूट गायब."

"चोरी झाली?"

"समोरच्या सिरिलच्या बायकोने नेला. देव तिच्या आत्म्याला शांती देवो, पण बूट काही तिने परत दिला नाही. मी घरापर्यंत लंगडी घालत आले."

"आणि घर? घरात कसं होतं?"

"घरात ओल. इतकी ओल की कपाटात लेनच्या बुटांवर अळंबी उगवली."

"अळंबी?" इमोजेनचे डोळे विस्फारले. "मग तुम्ही काय केलंत?"

"लेनने खाल्ली. अंड्याबरोबर."

खरं सांगायचं तर लेनने ते बूट ओलेच कपाटात फेकले होते आणि महिनाभर विसरला होता. त्यात भिंतीचा काही दोष नव्हता. पण हे सांगण्यात काय मजा? मेव्हिसबाई रंगात आल्या होत्या. लेन गेल्यापासून त्यांचं इतकं कोणी ऐकून घेतलं नव्हतं. मुलगी ऑस्ट्रेलियात, ती फोनवर 'हो का, आई?' म्हणायची आणि मागे भांड्यांचा आवाज यायचा. इथे ही गोड पोर हनुवटीखाली हात घेऊन बसली होती, आणि तिच्या हातातलं बिस्किट चहात बुडून विरघळून गेलं तरी तिचं लक्ष नव्हतं.

बोलता बोलता सासूचा विषय निघाला. सासू पंधरवड्यासाठी म्हणून आली आणि उन्हाळाभर राहिली. "रोज सकाळी बोटाने खिडकीवरची धूळ दाखवायची," मेव्हिसबाई म्हणाल्या. "ते घर नव्हतं बाई, ती शिक्षा होती."

निघताना इमोजेनने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. तिचे डोळे भरून आले होते. "किती सोसलंत हो तुम्ही," ती म्हणाली. मेव्हिसबाईंना जरा नवल वाटलं, पण बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरचा सिरिल ऑटवे कुंपण कापायच्या निमित्ताने इकडे आला. सिरिल पूर्वी बस चालवायचा. बायको गेल्यापासून तो कुंपण इतक्यांदा कापायचा की ते गुडघ्याएवढंच उरलं होतं.

"दुपारभर होती म्हणे ती पोरगी तुझ्याकडे," तो म्हणाला. "एवढं काय सांगितलंस?"

"अळंबीचं सांगितलं."

"अळंबीचं! आणि आमच्या बेडकाचं?"

"तुझा बेडूक तू सांग की. मी का सांगू?"

"सांगतोच," सिरिल म्हणाला आणि कात्री तिथेच टाकून वाचनालयाला फोन करायला गेला.

सिरिल माघार घेणाऱ्यातला नव्हता. "आमच्याकडे पाऊस आधी घरात पडायचा, मग बाहेर," त्याने इमोजेनला सांगितलं. "कपडे वाळत घालायला आम्ही पावसात बाहेर जायचो, तिथे कोरडं असायचं. न्हाणीघरात तर बेडकांची वस्ती. त्यातला एक इतका जुना की आम्ही त्याला 'साहेब' म्हणायचो. महामंडळाचा इंजिनियर दिसायचा ना, हुबेहूब तसा."

बेडूक एकदाच आला होता, तोही बायकोच्या कोबीच्या टोपलीतून. पण सिरिलचा बेडूक ऐकल्यावर बाकीच्यांना गप्प बसवेना. गल्लीतल्या मिसेस बंटिंगनी सांगितलं, जिन्याची पायरी मोडून आमचा धाकटा खालच्या कपाटात पडला आणि जेवणाच्या वेळेपर्यंत कोणाला कळलंच नाही. कोपऱ्यावरच्या जोडप्याने सांगितलं, भिंत इतकी पातळ की शेजाऱ्याचा रेडिओ आमच्याकडे जास्त स्पष्ट लागायचा, म्हणून आम्ही घेतलाच नाही. महिनाभर लार्कमीडमध्ये सण असल्यासारखं वातावरण होतं. ज्याच्या घराची कथा जास्त वाईट त्याची मान ताठ. कैक वर्षांत न बोललेले लोक फाटकाशी उभे राहून हसत होते. प्रत्येकाला वाटत होतं की आपण घराचं गुणगान गातोय, आणि आमच्या भाषेत ते गुणगानच होतं.

प्रदर्शनाला वाचनालयाने नाव दिलं 'चिखल आणि अश्रू'. मोठमोठे फलक, त्यांवर एकेकाचा चेहरा, खाली त्याचं वाक्य, आणि शेजारी कानाला लावून ऐकायची सोय. सगळ्यात मोठा फलक मेव्हिसबाईंचा. त्या खिडकीबाहेर बघताहेत आणि खाली ठळक अक्षरांत: 'ते घर नव्हतं, ती शिक्षा होती.'

"हे मी सासूबद्दल म्हटलं होतं," मेव्हिसबाई सिरिलला म्हणाल्या.

"असू दे गं. फोटो बरा आलाय."

"गाल सुजल्यासारखे दिसतात," मेव्हिसबाई म्हणाल्या. फोटो त्यांना फारच आवडला होता.

त्या गर्दीत एक उंच, चकचकीत बुटांचा माणूसही होता. नाव गॅरेथ पिम, एका बांधकाम कंपनीचा. बाकीचे लोक बेडकाच्या फलकापाशी येऊन हसत होते, हा मात्र अजिबात हसला नाही. प्रत्येक फलकापाशी थांबून त्याने प्रत्येक आवाज शेवटपर्यंत ऐकला. मेव्हिसबाईंना वाटलं, काय सभ्य माणूस आहे. त्यांनी जाऊन त्याला केक दिला. "जरा कोरडाच झालाय," असंही म्हणाल्या.

पुढचा हिवाळा सरला आणि नगरपालिकेने लार्कमीडच्या रहिवाशांना सभागृहात बोलावलं. चहा होता, बिस्किटं होती, ती नेहमीच्यापेक्षा महाग होती. तेव्हाच ओळखायला हवं होतं. गॅरेथ पिम उभा राहिला, दिवे मंद झाले, पडद्यावर लार्कमीड उमटलं. पण त्यात आमच्यातलं एकही घर नव्हतं. काचेच्या इमारती होत्या, मधोमध फुलझाडं, आणि त्यांच्यातून चालणारी, आमच्यापैकी कोणीच नसलेली तरणीताठी माणसं.

"लार्कमीडला आम्ही नवा जन्म देतोय," पिम म्हणाला. "आणि हे आम्ही आमच्या मनाने नाही ठरवलं. आम्ही आधी तुमचं ऐकलं."

मग सभागृहात मेव्हिसबाईंचा आवाज घुमला. ओल. अळंबी. शिक्षा. मागोमाग सिरिलचा बेडूक, मिसेस बंटिंगचा जिना. नगरसेवकांच्या रांगेतली एक बाई रुमालाने डोळे टिपत होती. आमची माणसं सुन्न होऊन स्वतःचेच आवाज ऐकत राहिली.

"साठ वर्षं या लोकांनी हे सोसलं," पिम म्हणाला. "आणखी एक वर्षही सोसायला लावणं हे आपल्याला शोभणार नाही. ही घरं पाडायलाच हवीत. तुम्हाला सगळ्यांना दुसरीकडे सोयीच्या जागा मिळतील."

मेव्हिसबाई उठल्या. त्यांनी समोरची खुर्ची धरली. "अहो, पण ती आमची बोलायची तऱ्हा आहे! तसं नाही हो ते!"

"मिसेस ट्रेडगोल्ड," पिम हळुवारपणे म्हणाला, "तुमच्या पिढीला तक्रार करायची सवय नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर तुम्ही केलीत तेव्हा आम्ही ती इतकी मनावर घेतली."

"सवय नाही?" सिरिल ओरडला. "अहो, आम्ही दुसरं करतो काय? आणि तो बेडूक खोटा होता! म्हणजे बेडूक खरा होता, पण तो कोबीतून आला होता!"

"आणि छप्पर, मिस्टर ऑटवे? ते गळत होतं की नाही?"

"गळायचं. एकदा. मग दुरुस्त केलं."

"बरं, मग तुम्हीच सांगा. घर कसं आहे तुमचं?"

सगळं लार्कमीड सिरिलकडे बघत होतं. एक चांगला शब्द, फक्त एक, आणि कदाचित गल्ली वाचली असती. सिरिलने टोपी काढली. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. त्याचे कान लाल झाले. याच घरात त्याचं लग्नानंतरचं सगळं आयुष्य गेलं होतं, याच घरात त्याची बायको गेली होती. त्याच्याकडे होता नव्हता तेवढा सगळा जीव त्याने त्या एका वाक्यात ओतला.

"वाईट नाही," तो म्हणाला.

आमच्या बायकांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सिरिलला असं बोलताना कोणी कधी ऐकलं नव्हतं. पण नगरसेवकांनी एकमेकांकडे पाहून माना हलवल्या आणि अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला.

घरं नगरपालिकेच्या मालकीची, आम्ही नुसते भाडेकरू; नगरसेवकांच्या मतदानाला महिनाभर अवकाश होता. इमोजेन धावत मेव्हिसबाईंकडे आली आणि त्यांच्या टेबलाशी बसून रडली. "मी तुम्हाला जपायला आले होते," ती म्हणत राहिली. मेव्हिसबाईंना तिचा राग आला होता, चांगलाच आला होता, पण रडणाऱ्या पोरीवर रागावायचं कसं? त्यांनी तिला चहा दिला.

"आपण पुन्हा बोलणं टिपू," नाक पुसत इमोजेन म्हणाली. "या वेळी खरं खरं सांगा. नगरसेवकांना ते ऐकावंच लागेल. तुमची ही बोलायची रीत काय आहे तेही मी सोबत समजावून सांगते. पण तुम्ही स्वच्छ शब्दांत सांगायला हवं, की हे घर तुम्हाला आवडतं."

"अगदी तसंच म्हणायचं?"

"अगदी तसंच."

इमोजेन गेल्यावर मेव्हिसबाईंनी सिरिलला हाक मारली. दारं-खिडक्या लावून घेतल्या, पडदेही ओढले. दोघं टेबलाशी समोरासमोर बसले.

"म्हण," सिरिल म्हणाला. "'माझं घर सुंदर आहे.'"

"तू म्हण आधी."

"माझं कशाला? तुझं टिपणार आहेत. म्हण."

"माझं घर..." मेव्हिसबाई थांबल्या. "माझं घर सु... जरा बरं आहे."

"सुंदर!"

"ओरडू नकोस माझ्यावर! ओठांवर येतो रे शब्द, पण वाटतं, आई वरून ऐकत असेल. म्हणेल, मेव्हिस कधीपासून एवढी चढून बोलायला लागली?"

"तुझी आई ऐकत असली तर तिला सांग, घर पाडताहेत."

मग दोघांनी आळीपाळीने सराव केला. सिरिलच्या तोंडून 'सुंदर' निघाला तेव्हा त्याला खोकल्याची उबळ आली आणि पाणी प्यावं लागलं. दोघांना हसू आवरेना. हसता हसता मेव्हिसबाईंच्या लक्षात आलं की आपण घाबरलोय, युद्धातल्या रात्रींनंतर इतके कधीच घाबरलो नव्हतो.

इमोजेन आली त्या दिवशी मात्र मेव्हिसबाईंनी सराव बाजूला ठेवला. यंत्र सुरू झालं आणि त्या आपल्या सांगू लागल्या. लंडनला अंगणात एक नळ होता, तो तीन घरांत. आंघोळ म्हणजे पत्र्याचा टब, त्यातही आधी बाप, मग भाऊ, शेवटी त्या, तोवर पाणी करडं झालेलं. या घरात आले त्या दिवशी लेनने न्हाणीघराची तोटी सोडली आणि गरम पाणी आलं. दोघं टबाच्या कडेवर बसून नुसते बघत राहिले, बंद करायचं सुचलंच नाही. "मग लेन खाली गेला आणि त्याने पुढचं दार लावलं," मेव्हिसबाई म्हणाल्या. "दार लावल्याचा आवाज झाला आणि मला वाटलं, आता हे आपलं. इथून आपल्याला कोणी उठवणार नाही. तितकं सुख मला आयुष्यात पुन्हा कधी झालं नाही, पोरगी झाली तेव्हासुद्धा नाही. हे घर मला आवडतं. फार आवडतं. इथेच मरायचंय मला."

बोलून झाल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

इमोजेनने ते सगळं नगरसेवकांना पाठवलं, आणि लार्कमीडच्या माणसांचं बोलणं नेमकं कसं समजून घ्यायचं याचं एक लांबलचक स्पष्टीकरणही जोडलं. नगरसेवकांनी ते ऐकलं. रुमालाने डोळे टिपणारी ती बाई पुन्हा रडली. मग त्यांनी मत दिलं, घरं पाडा म्हणून. अध्यक्ष नंतर चहाच्या वेळी म्हणाले, म्हातारी माणसं म्हटली की त्यांना जुनं सगळं गोडच वाटतं. आधीच्या वेळी मिसेस ट्रेडगोल्डना सगळं नीट आठवत होतं, असंही म्हणाले.

शरदात घरं पाडायची यंत्रं आली. मेव्हिसबाईंना गावाच्या दुसऱ्या टोकाला, चौथ्या मजल्यावर जागा मिळाली. न्हाणीघरात टब नाही. पाय घसरू नये म्हणून म्हणे आता म्हाताऱ्यांना टब देत नाहीत. सिरिलला रेल्वेपलीकडे टाकलं. त्याला कापायला कुंपण नव्हतं. पहिले काही दिवस तो बसने भेटायला यायचा आणि दोघं नव्या जागांना नावं ठेवायला बसायचे. पण काही केल्या रंग भरेना, कारण आता ठेवलेली नावं खरी होती. वसंत यायच्या आधीच सिरिल गेला. झोपेत गेला, चांगलं मरण आलं, असं सगळे म्हणाले.

तिथे नवी घरं उभी राहिली तेव्हा मेव्हिसबाई एका दुपारी दोन बस बदलून बघायला गेल्या. का गेल्या ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. बस वळली आणि त्यांना आपलाच चेहरा दिसला. बांधकामाभोवतीच्या उंच पत्र्यांवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तोच खिडकीबाहेर बघतानाचा फोटो. गालांची सूज कोणीतरी पुसून टाकली होती. खाली लिहिलं होतं: 'दार लावल्याचा आवाज झाला आणि मला वाटलं, आता हे आपलं. — मेव्हिस, लार्कमीडची रहिवासी.' त्याच्याही खाली घरं विकत घ्यायला कुठे विचारायचं ते.

फाटकाशीच विक्रीची काचेची खोली होती. आतली पोरगी बाहेर धावत आली.

"अय्या! तुम्ही त्याच ना? मेव्हिस!" तिने एकदम नावानेच हाक मारली, हल्ली सगळे तसंच करतात. "या ना आत! सगळी गिऱ्हाइकं तुमच्याबद्दल विचारतात हो. एक फोटो काढू आपण दोघींचा?"

तिने खांद्यावर हात टाकून फोटो काढला, मऊ खुर्चीत बसवलं, कॉफी दिली. कॉफी फार छान होती. "जरा कडवटच आहे," मेव्हिसबाई म्हणाल्या.

पोरगी टाळी वाजवून हसली. "बघा, बघा! आम्हाला ट्रेनिंगमध्ये हे सगळं शिकवलंय. लार्कमीडची जुनी माणसं बोलतात त्याच्या बरोबर उलटं समजायचं. वाचनालयाच्या एका बाईंनी लिहून दिलंय म्हणे, आमच्या साहेबांना भारी आवडलं. गिऱ्हाइकांना सांगितलं की त्यांना पण जाम मजा वाटते." ती समोर येऊन बसली, कुतूहलाने डोळे मोठे करून. "पण खरं सांगा हं मेव्हिस, आता इथे कोणी नाहीये. कसं होतं हो तुमचं ते जुनं घर?"

काचेच्या बाहेर जिथे मेव्हिसबाईंचं स्वयंपाकघर होतं तिथे मोटारी उभ्या होत्या. त्या बराच वेळ तिकडे बघत राहिल्या. या वेळी शब्द अडला नाही, आईची आठवणही मध्ये आली नाही.

"सुंदर होतं," त्या म्हणाल्या. "माझा फार जीव होता त्या घरावर."

पोरीच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. तिने हळूच मेव्हिसबाईंच्या हातावर हात ठेवला.

"अरे देवा," ती म्हणाली. "इतकं वाईट होतं?"